पुण्यात एका रात्रीचा मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर वारज्यात, बायपासपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे मुंबईहून कोल्हापूरला, नाशिकहून गोव्याला, नागपूरहून कोकणात गाडीनं जाणारा ओळखीचा प्रत्येक माणूस निघण्याआधी एक फोन किंवा मेसेज टाकतोच. "पुण्यात रात्री कुठं टेकावं?" इथून सुरुवात होते आणि "गाडीच्या टपावर सामान आहे, बेसमेंटमध्ये जाईल का?" इथपर्यंत गाडी येते. तेच प्रश्न, तीच उत्तरं. शेवटी एकत्र लिहून काढली.

१. मुळात पुण्यात थांबायला हवं का? सरळ पुढे निघालो तर?

अंतर बघा आणि किती वाजता निघणार ते बघा. मुंबईहून पुणे साधारण १५० किलोमीटर. सकाळी निघून कोल्हापूर गाठायचं असेल तर पुण्यात मुक्काम म्हणजे निव्वळ वेळ आणि पैसा घालवणं. पण ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी ७ ला ठाण्याहून निघणार असाल, तर रात्री पुण्यात झोपून पहाटे पुढे निघणं शहाणपणाचं. हैदराबादहून मुंबईला येणाऱ्याला पुणे ५५० किलोमीटरच्या पुढे पडतं. दिवसभर चालवून थकलेल्या माणसानं रात्री खंडाळ्याचा घाट उतरायचा हट्ट धरू नये. नाशिक किंवा संभाजीनगरहून दक्षिणेकडे जाणाऱ्यांनाही पुणे बरोबर मधलं पडतं. दोन्हीकडून पुण्यापर्यंतच २०० किलोमीटरच्या वर होतात.

२. हॉटेल कुठल्या भागात घ्यावं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. आणि बहुतेक जण हॉटेल निवडतात ते "शनिवारवाड्याजवळ", "स्टेशनजवळ" असं बघून. माझं उत्तर ठरलेलं आहे: उद्या सकाळी ज्या दिशेनं बाहेर पडायचं, त्या टोकाला झोपा. आज संध्याकाळी शहर ओलांडताना तासभर गेला तर चिडचिड होते, पण जेवून झोपलात की विसरता. सकाळी ९ ला तोच तास गेला तर पुढचा सगळा दिवस मागे पडतो.

उद्या सातारा-कोल्हापूर-गोवा असेल तर वारजे, नऱ्हे, आंबेगाव, कात्रज किंवा सातारा रस्ता बघा. मुंबईला जायचं असेल तर वाकड, ताथवडे, रावेत. ताम्हिणी घाटानं कोकणात उतरणाऱ्यांना बावधन किंवा चांदणी चौकाचा परिसर. तिथला जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि २०२३ मध्ये नवे उड्डाणपूल सुरू झाले. पूर्वीसारखी कोंडी आता होत नाही, पण फाटे इतके आहेत की पाटी चुकली तर कोथरूडऐवजी मुळशीच्या रस्त्याला लागता. नगरकडे निघणाऱ्यांनी विमाननगर किंवा खराडी, सोलापूरकडे हडपसर. नाशिकला जाणाऱ्यांनी भोसरी-मोशी. त्या वाटेवर आळंदी जवळ आहे, साधी सोय चालणार असेल तर तिथं धर्मशाळा भरपूर आहेत. कार्तिकी यात्रेच्या दिवसांत मात्र आळंदीचं नाव काढू नका.

शहर बघायचंच असेल तर शिवाजीनगर-डेक्कन हा मधला मार्ग. का, ते प्रश्न ८ मध्ये आहे.

३. हायवेला लागूनच हॉटेल घेतलं तर रस्त्याची कुठली बाजू?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, आणि न विचारणारे मग रात्री फोन करतात, "हॉटेल समोर दिसतंय, पण पोचता येत नाहीये." बायपास साधारण उत्तर-दक्षिण जातो आणि शहर त्याच्या पूर्वेला आहे. मुंबईहून साताऱ्याकडे जाताना डाव्या हाताला शहर येतं, म्हणजे वाकड, बाणेर. साताऱ्याहून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला हिंजवडी, म्हाळुंगे, सूस. आपल्या डाव्या हाताचं हॉटेल घेतलं की सर्व्हिस रोडवर उतरायचं, झोपायचं आणि सकाळी तिथूनच पुन्हा हायवेला लागायचं. उजव्या हाताचं घेतलं तर पुढच्या भुयारी मार्गापर्यंत जाऊन वळून या. पावसाळ्यात त्यातल्या काही भुयारी मार्गांत गुडघाभर पाणी असतं.

सर्व्हिस रोडवर समोरून उलट्या दिशेनं दुचाकी येणारच, हे गृहीत धरून चालवा.

४. पुण्यात शिरायला कुठली वेळ बरी?

दुपारी १ ते ४ किंवा रात्री ९ नंतर. संध्याकाळी ५ ते ९ या वेळात हिंजवडी-वाकड, विद्यापीठ चौक, नगर रस्ता आणि हडपसर टाळा. आयटी कंपन्या सुटतात तेव्हा वाकडच्या पुलाखालून निघायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात तुम्ही लोणावळ्यात थांबून एक चहा आणि वडापाव उरकू शकता. मी तर तेच करायला सांगतो.

शुक्रवार संध्याकाळ आणि लाँग वीकेंडची पहिली सकाळ असेल तर मुंबईहून येताना घाटातच अडकाल. एक्स्प्रेसवे सुमारे ९४ किलोमीटरचा, पण अशा दिवशी त्यातले घाटाचे थोडे किलोमीटरच सगळा वेळ खातात. वेगाची भरपाई पुढे करू म्हणू नका. कारसाठी मर्यादा सपाटीला १०० आणि घाटात ६०, आणि कॅमेरे जागोजागी आहेत.

५. हॉटेल बुक करताना फोनवर नेमकं काय विचारायचं?

"पार्किंग आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "आहे सर" असंच येणार. ते "आहे" म्हणजे समोरचा फुटपाथही असू शकतो. म्हणून असं विचारा: पार्किंग आवारात आहे की रस्त्यावर? किती गाड्यांची जागा? रात्री १० ला पोचलो तरी मिळेल का? गाडीच्या मागे दुसरी गाडी लावतात का? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. पहाटे ५ ला निघायचं ठरवता आणि तुमच्या गाडीमागे उभ्या असलेल्या गाडीचा मालक तिसऱ्या मजल्यावर घोरत असतो. तसं असेल तर रात्रीच रिसेप्शनवर सांगून ठेवा आणि गाडी बाहेरच्या रांगेत लावून घ्या.

दुसरं, चेक-आउट दुपारी १२ ला की २४ तासांचा हिशेब, तेही विचारा. रात्री ११ ला पोचून सकाळी ६ ला निघणाऱ्याला फरक पडत नाही, पण सोबत आजारी माणूस असेल तर पडतो.

६. टपावर कॅरियर आहे. बेसमेंटमध्ये गाडी जाईल का?

उंची मोजून या, कॅरियर आणि त्यावरच्या बॅगांसकट. हे मी अनुभवावरून सांगतोय. माझा मावसभाऊ सहकुटुंब आला होता, मीच हॉटेल सुचवलं होतं. बेसमेंटच्या तोंडाशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा लोखंडी आडवा दांडा होता, त्याखालून गाडी नीट गेली. आम्ही हुश्श केलं. उतार संपतो तिथं छताला फायरचा लाल पाइप खाली आलेला होता. ताडपत्री त्यात अडकली, दोरी तुटली आणि वरची सतरंजीची वळकटी मागच्या काचेवरून घसरत खाली आली. वॉचमन शांतपणे म्हणाला, "सगळ्यांचं इथंच अडकतं." मग दांडा कशाला लावलाय, हे आम्ही त्याला विचारलं नाही.

कॅरियर असेल तर उघड्यावरचं पार्किंग मागा, आणि रात्री सामान खोलीत न्या.

७. पेठांमध्ये रस्त्यावर गाडी लावली तर चालते का?

चालते, पण पाटी वाचून. पुण्यात बऱ्याच रस्त्यांवर सम-विषम पार्किंग आहे. पी-१ ची पाटी असलेल्या बाजूला विषम तारखांना, पी-२ च्या बाजूला सम तारखांना. बाहेरगावचा माणूस रात्री ९ ला बरोबर बाजूला गाडी लावून निवांत झोपतो. मध्यरात्री तारीख बदलते आणि सकाळी गाडीला जॅमर असतो किंवा गाडीच जागेवर नसते. ३१ तारखेला तर अजून गंमत: ३१ विषम आणि दुसऱ्या दिवशी १, तीही विषम. त्या रात्री गाडी हलवायची गरज नाही. फक्त दुचाकींसाठी राखलेल्या जागाही बऱ्याच आहेत, तिथं कार लावू नका.

त्यापेक्षा पैसे भरून वाहनतळ गाठा. मंडईजवळ मिनर्व्हा आणि आर्यन (पाटीवर नावं वेगळी असली तरी रिक्षावाला याच नावांनी ओळखतो), नारायण पेठेत हमालवाडा. रात्रभर ठेवता येईल का हे आत जातानाच खिडकीवर विचारून घ्या.

८. संध्याकाळी तीनेक तास आहेत. काय बघून होईल?

गाडी हॉटेलवर सोडा. हे जमावं म्हणून तर शिवाजीनगर-डेक्कन सुचवलं. मेट्रोची पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट मार्गिका २९ सप्टेंबर २०२४ पासून पूर्ण धावते, आणि शेवटचा टप्पा जमिनीखालून थेट पेठांत जातो. शिवाजीनगरहून तिसरं स्टेशन मंडई. डेक्कनहून बसलात तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची. गाडी घेऊन याच अंतराला अर्धा तास आणि वर पार्किंग शोधायला तेवढाच.

मंडईला वर आलात की समोर महात्मा फुले मंडईची दगडी अष्टकोनी इमारत, १८८६ ची. तिथून तुळशीबागेत शिरा. भांडी, बांगड्या, पितळी समया, खेळण्यातली भातुकली, सगळं एका बोळात. बाहेर पडून शिवाजी रस्त्यानं चालत दगडूशेठ. रांगेत उभं राहायला वेळ नसेल तर मूर्ती रस्त्यावरूनही दिसते, कितीतरी पुणेकर स्कूटरवरूनच हात जोडून पुढे जातात. त्याच रस्त्यानं थोडं पुढे शनिवारवाडा. पायाभरणी १७३० ची, पहिल्या बाजीरावांची. आत जायची वेळ संध्याकाळी लवकर संपते, पण वाड्याचा बहुतेक भाग १८२८ च्या आगीत गेला, त्यामुळे बाहेरून दिल्ली दरवाजा बघितलात तरी फार चुकत नाही. दाराच्या फळ्यांवरचे लोखंडी अणकुचीदार खिळे बघा. हत्तीनं धडक देऊ नये म्हणून ते. शेजारीच लाल महाल आणि दोन पावलांवर कसबा गणपती, पुण्याचं ग्रामदैवत. कसबा पेठ स्टेशनवरून परत मेट्रो. रात्री १० नंतर शेवटची गाडी किती वाजता, ते उतरतानाच बघून ठेवा.

केळकर संग्रहालय आणि आगाखान पॅलेस चांगलेच आहेत, पण दोन्ही दिवसाउजेडी बघायची ठिकाणं. एका रात्रीत बसत नाहीत.

९. खायचं कुठं?

एकच रात्र आहे म्हणून यादी करू नका, दोन गोष्टी नीट खा. रात्री साधं महाराष्ट्रीय ताट हवं तर टिळक रस्त्यावर दूर्वांकुर. जेवणावर मस्तानी हवीच, तर सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता. मस्तानी म्हणजे घट्ट मिल्कशेक आणि वर आइस्क्रीमचा गोळा. जेवण पोटभर झालं असेल तर दोघांत एक घ्या. सकाळी फर्ग्युसन रस्त्यावर वैशालीत इडली-कॉफी, किंवा त्याच रस्त्याच्या डेक्कनच्या टोकाला गुडलक, १९३५ चं, तिथं बनमस्का आणि चहा. मिसळ हवी असेल तर नारायण पेठेत बेडेकर. पण लांबच्या ड्रायव्हिंगआधी मिसळ खाऊ नका असं मी घरच्यांना सांगतो, आणि कोणी ऐकत नाही.

१०. रात्री ११ नंतर पोचणार. काहीतरी मिळेल का?

पेठांत जवळपास काही नाही. स्वयंपाकघरं ११ च्या आसपास बंद होतात, आणि हॉटेलवाला "किचन चालू आहे" म्हणाला तरी सँडविच आणि मॅगीच्या पलीकडे जात नाही. स्टेशन आणि स्वारगेटच्या आसपास उशिरापर्यंत गाड्या असतात. खात्रीचा मार्ग म्हणजे पुण्याच्या अलीकडेच जेवून घेणं. सोलापूरकडून येत असाल तर यवतच्या आसपास, नगरकडून शिक्रापूरला, साताऱ्याकडून खेड-शिवापूरला.

११. सकाळी किती वाजता निघावं?

६ च्या आत. ७ पर्यंतही चालतं. ८ नंतर निघायचं असेल तर सरळ १०:३० पर्यंत थांबा आणि नाश्ता निवांत करा, मधल्या वेळात निघण्यात काही अर्थ नाही. लवकर जाग आली तर पर्वती चढून या. १०३ पायऱ्या, वर नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देवस्थान आणि खाली अख्खं शहर. त्या वेळी वर रोजची फिरायला येणारी मंडळी असतात, सत्तरीचे आजोबा तुम्हाला मागे टाकून जातील.

१२. नगर किंवा सोलापूरकडून येऊन साताऱ्याला जायचंय. शहरात न शिरता जाता येतं का?

पूर्ण रिंगरोड होईपर्यंत धड नाही. बायपास फक्त पश्चिमेला आहे, पूर्वेकडून येणाऱ्याला शहराच्या अंगावरून जावंच लागतं. नगरकडून खराडी बायपास, मुंढवा, मगरपट्टा, हडपसर आणि मग कोंढव्यावरून कात्रज. सोलापूरकडून थेट हडपसर. कात्रज-कोंढवा रस्त्यावर ट्रक फार, तो टप्पा पहाटेच उरका. म्हणूनच अशांनी आदल्या रात्री शहर ओलांडून कात्रजच्या बाजूला झोपावं (प्रश्न २ चाच नियम). नाशिकवाल्यांचं सोपं आहे: नाशिक फाट्यावरून वाकडला या, बायपास मिळाला.

नागपूरहून येणाऱ्यांसाठी: समृद्धी महामार्ग पुण्याला येत नाही. संभाजीनगरजवळ उतरून नगरमार्गे या.

१३. साताऱ्याहून रात्री येतोय. बायपासवर काही जपायचं?

हो. कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत सलग उतार आहे. जड वाहनांचे ब्रेक तापून निकामी होतात, काही जण डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात. तिथं मोठे अपघात झाले आहेत. ट्रकच्या पुढे राहून एकदम ब्रेक मारू नका, फलकावरची वेगमर्यादा पाळा, आणि फोन आला, नकाशा बघायचा म्हणून त्या उतारावर कडेला थांबू तर अजिबात नका.

१४. बाइकवर आहोत. वेगळं काही?

एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे, मुंबईहून जुन्या हायवेनं या. मुक्कामाच्या हॉटेलात गाडी आतल्या बाजूला, वॉचमनच्या नजरेत लावायला सांगा आणि सॅडल बॅगा उतरवून न्या. पार्किंगबद्दल प्रश्न ७.

१५. आधार कार्डावर पुण्याचाच पत्ता आहे. खोली मिळेल?

हा प्रश्न पुण्याबाहेर नोकरी करणाऱ्या पुणेकरांचा. बरीच हॉटेलं "लोकल आयडी" म्हटलं की नकार देतात. तसा कायदा नाही, त्यांचा नियम आहे, पण रात्री ११ ला काउंटरवर वाद घालून उपयोग नसतो. आधी फोन करून विचारा. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, एकाचं दाखवून भागत नाही.

१६. ईव्ही किंवा सीएनजी असेल तर?

हॉटेलचा चार्जर असेल तर तो चालू आहे का आणि तिथं दुसरी गाडी उभी असते का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. अॅपवर हिरवा दिसणारा चार्जर जागेवर मिटलेला असू शकतो. सीएनजीच्या रांगा संध्याकाळी लांबच लांब असतात. रात्री उशिरा किंवा पहाटे भरा.

१७. कुठल्या दिवसांत पुण्यात मुक्काम नकोच?

गणेशोत्सवाचे शेवटचे पाच दिवस, संध्याकाळनंतर मध्यभाग वाहनांना बंद असतो. अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, टिळक, केळकर, कुमठेकर हे रस्ते बंद आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. मुद्दाम बघायला येत असाल तर गोष्ट वेगळी. मग गाडी शहराबाहेर ठेवून मेट्रोनं या.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत आणि तुकाराम महाराजांची नाना पेठेत मुक्कामी असते. तिथून निघतात त्या दिवशी एक दिवे घाटानं सासवडला, दुसरी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला. त्या दिवशी हडपसर विसरा. आणि १ जानेवारीला कोरेगाव भीमाजवळ पेरणे फाट्याच्या विजयस्तंभाला लाखोंची गर्दी असते, नगर रस्त्याची वाहतूक आदल्या दिवसापासूनच वळवतात. ३१ डिसेंबरला नगरकडून येणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

१८. जाता जाता सिंहगड होईल का?

नाही. शहरापासून ३० किलोमीटरच्या आसपास, पण घाटरस्ता, गर्दी, पिठलं-भाकरी, दही धरून अर्धा दिवस जातो. पावसाळ्यातला रविवार असेल तर पायथ्याशीच रांग लागते.

१९. पुण्यात आत्या राहते. हॉटेल कशाला?

जा की. फक्त आत्याला दुपारीच फोन करून सोसायटीत पाहुण्यांच्या गाडीची जागा आहे का ते विचारा. कित्येक सोसायट्यांत रात्री पाहुण्यांची गाडी आत ठेवू देत नाहीत, आणि मग आत्याचे यजमान रात्री ११ ला पायजम्यावर खाली येऊन सेक्रेटरीशी बोलत बसतात. पहाटे ६ ला निघू, असं सांगितलंत तरी आत्या पोहे केल्याशिवाय सोडणार नाही. म्हणजे ७:३०, म्हणजे प्रश्न ११.

२०. सोबत न्यायला काय घ्यावं, आणि कधी?

बाकरवडी संध्याकाळीच घेऊन ठेवा, सकाळी ६ ला दुकानं उघडी नसतात. चितळे दुपारी १ ते ४ बंद हा विनोद आता जुना झाला, डेक्कनचं दुकान २०१७ पासून दुपारीही उघडं असतं. श्रूजबरी बिस्किटं हवीत तर कॅम्पातली कयानी बेकरी, पण रविवारी बंद. बाकरवडीचा एक जादा पुडा घ्या आणि डिकीत, सामानाच्या तळाशी ठेवा. मागच्या सीटवर ठेवलेला खंबाटकी चढायच्या आत संपतो.